चर्चभोवती एक फेरी

नाही, नाही, हसू नका! आधी ऐका, मग हसा... देतो हो खिमा, देतो, खिमा कुठे पळून चाललाय? पण मी आज बोललो नाही ना, तर इथेच फुटेन, या काउंटरमागे, आणि मग तुम्हाला खिमा कोण देणार? गावभर काय उठवलंय लोकांनी? ओमेर खाटकाने सायकल चोरली! चोरली! मी! ज्याने आयुष्यात तराजूवर कधी बोट टेकवलं नाही, त्याने भर रविवारी, चर्चमध्ये मासची प्रार्थना चालू असताना, म्हाताऱ्याची सायकल पळवली! अहो, तुम्हाला सांगतो, मी मागितलं काय होतं? चर्चभोवती एक फेरी! एक! दोन नाही, अडीच नाही. विकत घ्यायच्या आधी माणूस बूटसुद्धा घालून चार पावलं चालून बघतो की नाही? मग? रेसची सायकल तशीच घ्यायची? डोळे मिटून?

तर मौरिट्स. पाण्याच्या टाकीशेजारी राहतो तो, लांब पायांचा. जुना रेसवाला. तरुणपणी जत्रेची रेस जिंकला होता आणि बक्षिसात जिवंत डुक्कर मिळालं होतं, ते त्याने खांद्यावर घालून घरी नेलं म्हणतात. म्हणतो तोच, बाकी कुणी बघितलेलं नाही. ते असो. त्याची ती सायकल! हिरवी, बाटलीसारखी गडद हिरवी, लोखंडी, नळ्या अशा बारीक की करंगळी वाटावी, आणि बनवणारा मेला, त्यामुळे दुसरी होणे नाही. मौरिट्सच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दोन हिवाळे ती गॅरेजच्या खिडकीत उभी, गळ्यात पाटी, ‘विकणे आहे’. आणि मी रोज सकाळी व्हॅन घेऊन तिच्यासमोरून जातो. रोज हळू होतो. गोडेलीव्ह, आमची ही, एकदा शेजारी बसली होती, तर म्हणते, “ओमेर, त्या सायकलीकडे बघतोस तसं तू माझ्याकडे लग्नातही नाही बघितलंस.” खरंच होतं. लग्नात माझं लक्ष जेवणाकडे होतं.

पण मौरिट्स विकतोय कुणाला! पाटी आहे, विकत नाही. एक आला, त्याने विचारलं, “हिला स्टँड नाही का?” दार लावून घेतलं! दुसऱ्याने घंटी विचारली. त्याला तर फाटकापर्यंत हाकलत नेलं. तिसरा बिचारा काही बोललाच नाही, तर म्हणे याचे मोजे बरोबर नाहीत. असा माणूस! त्याच्याकडे जायचं म्हणजे परीक्षेला बसण्यासारखं. तर मी धीर करून, गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, तोंडबिंड धुऊन, बरे मोजे घालून गेलो. बोललो कमी. सायकलीभोवती हात मागे बांधून हिंडलो. शेवटी तोच म्हणाला, “काय रे खाटका, बसून बघायचंय?”

मी उत्तर द्यायच्या आधी कोट काढून त्याच्या खुंटीवर टांगला!

“पण ऐक,” म्हणाला. “कोर्ट्रेकचा तो दातांचा डॉक्टर येणारे. त्याच्या आईला मास सुटल्यावर घ्यायला येतो, तेव्हा सायकल बघणार. तो बघताक्षणी घेणार आणि दवाखान्यात भिंतीवर टांगणार, मला माहितीय. मला नाही आवडत, पण बायकोने बजावलंय, या रविवारी गॅरेज रिकामं झालं पाहिजे, तिचा मोठा फ्रीजर येतोय. तेव्हा मास सुटायच्या आत ये आणि हो की नाही ते सांग. चर्चभोवती एक फेरी. डावीकडून जायचं, उजवीकडून यायचं. आणि ओरखडा आला ना, तर तुझाच खिमा करीन.”

खुर्ची आणली, दारात मांडली, बसला. तोफेसारखी नजर माझ्यावर.

आता बूट! तिथे घात झाला सगळा. या सायकलींना साधी पेडलं नसतात. तुम्ही ब्रसेल्सच्या ना ताई? तुम्हाला म्हणून सांगतो, बुटाच्या तळव्याला एक तुकडा असतो, तो पेडलात खटकन अडकतो, आणि सुटायचं तर टाच बाहेर फिरवायची. माझ्याकडे तसले बूट कुठले? मौरिट्स म्हणाला, “माझे घाल.” मौरिट्सचे पाय बघितलेत? होड्या आहेत होड्या! माझा पाय त्यात बटाटा पोत्यात जावा तसा गेला. त्याने पट्टे करकचून आवळले, खट, एक पाय अडकला, खट, दुसरा अडकला, पाठीवर थाप मारली आणि... निघाली की हो! ती निघाली! मी काही केलंच नाही, नुसता पाय खाली गेला आणि टाकी मागे, पोस्ट मागे, बेकरी मागे... अशी सायकल! हातात लोणी घेऊन चालल्यासारखं. मी मनात म्हटलं, ओमेर, झालं. हीच. आता जायचं, “हो” म्हणायचं, आणि दातवाला गेला खड्ड्यात.

चर्चच्या मागे वळलो आणि रस्ताच नाही.

कोण म्हणतं हल्ली लोक चर्चला जात नाहीत? त्या दिवशी गेले होते! कुणाचा तरी बाप्तिस्मा होता, दोन्ही बाजूंना गाड्या, मधल्या फटीत एक मोठी व्हॅन आडवी, त्यातून माणसं फुगे उतरवतायत! आता साधं काय करायचं? थांबायचं. पाय टेकायचा. मी टाच फिरवली. फिरली! टाच फिरली, पण बूट नाही फिरला! कळतंय का तुम्हाला? पाय आतल्या आत फिरतोय आणि बूट आपला पेडलात घट्ट! डावा फिरवला, तेच! थांबलो तर आडवा होणार, आडवा झालो तर ओरखडा, ओरखडा आला तर... आणि उजव्या हाताला कालव्याची गल्ली मोकळी दिसली. शिरलो. म्हटलं, कालव्यावर जायचं, रुंद जागा बघायची, मोठ्ठं वळण घ्यायचं आणि परत. दोन मिनिटांची गोष्ट.

कालव्यावर आलो तर वारा पाठीला. समुद्राकडचा, आपला नेहमीचा, झाडं वाकवणारा. सायकल उडायलाच लागली. मी वळायला जागा बघतोय आणि मागून आवाज आला... झूंऽऽऽ... तुम्हाला माहितीय तो आवाज. वीस-पंचवीस साखळ्या एकदम. पलीकडच्या गावच्या सायकलवाल्यांची रविवारची टोळी! पिवळे शर्ट. आली, माझ्या डाव्या बाजूने एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला...

आणि इथे मी चुकलो. कबूल. पण मला सांगा, तुमच्यातला एक तरी चुकला नसता का? दुसऱ्या कुठल्याही देशातला माणूस असता तर म्हणाला असता, जाताहेत, जाऊ देत. पण आपण! आपल्या पुढून कुणी सायकलवर गेलं, आणि त्याचं मागचं चाक असं समोर, गरगर, हातभर अंतरावर... आपला पाय आपल्याला विचारतो का हो? विचारत नाही! मी बघितलं मात्र, पाय जोरात खाली गेला आणि मी त्या चाकाच्या मागे लागलो. लागलोच! आईने दूध पाजताना शिकवल्यासारखं! मनात म्हणतोय, ओमेर, वळ, मास चालू आहे, आणि पाय म्हणतायत, वा, काय मस्त चाक आहे!

शुद्धीवर आलो तेव्हा डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, मागे सात-आठ, आणि मी मधे. घोळक्याच्या पोटात! ब्रेक लावला तर मागचे सगळे माझ्यावर, हिरवी सायकल सगळ्यांच्या खाली. बाहेर पडावं तर डावीकडे मिशीवाला, उजवीकडे कालवा. कालवा! दोन्ही पाय बांधलेले आणि कालवा! मी शेजारच्या मिशीवाल्याला म्हटलं, “अहो, मला जरा बाहेर जायचंय.” तो म्हणतो, “सगळ्यांनाच जायचंय, पुलापर्यंत थांब, कॉफी आहे.” मी म्हटलं, “कुठला पूल?” त्याने नाव सांगितलं. त्या पुलाकडे आम्ही गाडी काढून मासे खायला जातो हो! इतका लांब!

चर्चभोवती एक फेरी! आणि मी चाललो मासे खायला!

डोळ्यांसमोर सारखा तो मौरिट्स. खुर्चीत. उजवीकडच्या कोपऱ्याकडे बघत बसलेला. आता येईल, आता येईल... त्याच्या त्या सायकलीसाठी मी दोन हिवाळे व्हॅन हळू केली, आणि आता दातवाला येणार, मौरिट्स म्हणणार, “सायकल तर खाटकाने नेली,” आणि मी कितीही कळवळून सांगितलं तरी तो माणूस जन्मात मला विकणार आहे का? अहो, मोजे बघून हाकलणारा माणूस तो! आणि फोन? फोन माझ्या कोटात, कोट त्याच्या खुंटीवर!

पुलावर टोळी थांबली. मी नाही थांबलो. कसा थांबणार? ते सगळे खटाखट पाय सोडवून उतरतायत, कॉफी सांगतायत, आणि मी पुलाजवळच्या चौकात गोल गोल फिरतोय! एक चक्कर, दोन चक्कर... सगळे बघतायत. मिशीवाला ओरडला, “काय रे, उतरत नाहीस?” आता काय सांगू, उतरता येत नाही? आपल्याकडे असं सांगता येतं का? या वयात? मी म्हटलं, “नाही नाही, पाय गरम ठेवतोय!” तर एक बाई उठली. हर्मिना. नंतर कळलं नाव. पलीकडच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होती, आता रिटायर, पण शिट्टी अजून गळ्यात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बघा, हे खरे लोक! नाही तर तुम्ही, चार किलोमीटर झाले की कॉफी! चला, उठा! आज कॉफी नाही, परत फिरायचं!”

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना... कपाला अजून तोंड लावलं नव्हतं बिचाऱ्यांनी.

पण मला काय, मला देव पावला! परत! म्हणजे आमच्याच गावावरून! म्हटलं, मास अजून चालू असेल, बाप्तिस्मा आहे, पाद्रीबाबा लांबवतील, देवा, आज त्यांना लांबवू दे, एरवी मी घड्याळ बघतो, आज नाही बघणार... आणि टोळी वळली, आणि मग आला तो वारा. तोंडावर!

आता ताई, पुन्हा तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याकडे वारा खायला जाणं म्हणजे संध्याकाळी कुत्रा घेऊन हिंडणं. आमच्याकडे वारा खाणं म्हणजे टोळीच्या पुढे राहून सगळा वारा आपल्या छातीवर घेणं. मागचे आडोशाला. पुढचा दमला की बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. आळीपाळीने. प्रत्येकाने आपापला वारा खायचा, तो कुणाला चुकत नाही, आमदाराला चुकत नाही, पाद्र्याला चुकत नाही. आणि जो दुसऱ्याच्या चाकामागे दडून फुकट घरी येतो, त्याला म्हणतात चिकट्या. बस्स. त्याच्यापुढे शिवी नाही. चोर म्हणा, दारुडा म्हणा, माणूस हसून सोडून देईल. माझ्या बापाला एकदा दारूच्या गुत्त्यात कुणीतरी चिकट्या म्हटलं होतं, तर तो मरेपर्यंत त्या गुत्त्याच्या रस्त्याने गेला नाही, स्मशान त्याच रस्त्याला आहे म्हणून शेवटी न्यावाच लागला.

तर आता माझी पंचाईत बघा! दडून बसलो, तर जेमतेम वेळेत पोचतो, दम शिल्लक राहतो, सायकल मिळते. पुढे गेलो, वारा खाल्ला, तर हे शंभर किलोचं धूड तिथेच ढेपाळणार, टोळी मला टाकून जाणार, आणि मी एकटा, वाऱ्यात, पाय बांधलेला, संध्याकाळी पोचणार! तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा!

मी दडलो.

हो, दडलो! सायकलीसाठी दडलो! माझी पाळी आली, मी वाकून गिअर बघायला लागलो. पुन्हा आली, मला खोकला आला. तिसऱ्यांदा आली, तर मी मिशीवाल्याला म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे, मला तुमची ढब फार आवडते!” तो बिचारा खूश होऊन गेला पुढे, दोनदा वारा खाऊन आला, जीभ बाहेर. चर्चचा मनोरा दिसायला लागला होता. आपला सपाट मुलूख, मनोरा केव्हापासून दिसतो, पण जवळ म्हणून येत नाही! मी त्याच्याकडे बघून पेडल मारतोय, मारतोय, तो आहे तिथेच, सुईएवढा! आणि कान सगळे घंटेकडे. वाजली का? नाही. ती गाय होती. वाजली का? नाही...

आणि शिट्टी वाजली.

“ए! हिरव्या!” हर्मिनाबाई माझ्या शेजारी आल्या. सत्तरीची बाई, वाऱ्यात, घाम नाही! “तू केव्हा पुढे येणार?”

मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, “बाई, ही सायकल माझी नाही हो! मी नुसती चालवून बघतोय! घ्यायची की नाही ते ठरवायला! चर्चभोवती एक फेरी मारायला निघालो होतो!”

 आणि मग टोळी जी हसली! अहो, हँडलवर डोकी टेकून हसले! “चालवून बघतोय! पुलापर्यंत चालवून बघतोय!” मिशीवाला म्हणतो, “मी एवढी वर्षं सायकल चालवतोय, गुडघा ऐकला, पोट ऐकलं, आजीचं मयत ऐकलं, पण असलं कारण नाही ऐकलं!” मी शपथा घेतोय आणि ते हसतायत. बाई नाही हसली. ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात बघतात तसं, आणि एकच शब्द म्हणाली. हळू. सगळ्यांना ऐकू जाईल इतका हळू.

“चिकट्या.”

इथे लागलं हो. इथे! मला माझा बाप दिसला. मी त्या मनोऱ्याकडे बघितलं, खाली त्या हिरव्या नळ्यांकडे बघितलं, आणि मनात म्हटलं, पोरी, माफ कर, तू जा दातवाल्याकडे. आणि त्या पांढऱ्या फार्मपाशी बाजूला झालो, दात आवळले, आणि गेलो पुढे.

काय वारा होता! भिंत! तोंड उघडलं की आत शिरायचा, बंद केलं की नाकातून शिरायचा, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी आंधळा झालेला. बाजूला व्हायची वेळ आली, मी नाही झालो. मी म्हटलं, मघापासूनच्या तीन पाळ्या माझ्यावर आहेत, त्या सगळ्या खातो, व्याजासकट खातो! आणि तुम्हाला सांगतो, खोटं वाटेल... ती सायकल चालली. मी मेलो होतो केव्हाच, पाय नव्हते मला, पण ती चालली. अशी नाक खुपसून, वाऱ्याच्या खालून, गुरगुरत! एकदाही डगमगली नाही. मागे आता कुणी हसत नाही, नुसता श्वासांचा आवाज. मनोरा बोटाएवढा झाला, हाताएवढा झाला, आणि...

ढाण्!

मास सुटला.

ढाण्, ढाण्...  पण आता थांबतोय कोण? आणि थांबता येतंय कुणाला? तसाच शिरलो गावात, तोंडाला फेस, मागे पिवळी टोळी, चर्चच्या दारात सगळं गाव, फुगे, बाळ, पाद्रीबाबा, आणि रस्त्यात मौरिट्स उभा, खुर्चीवर नाही, उभा! आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या पँटीत तो दातवाला. मी ओरडलो, “मौरिट्स! धरा मला! सुटत नाहीये!” मौरिट्सला वाटलं, मी म्हणतोय सायकल सुटत नाहीये माझ्याच्याने. तो ओरडला, “ते दिसतंच आहे, हरामखोरा!” मी त्यांच्यासमोरून गेलो, चर्चला वळसा घातला, पुन्हा आलो. “पाय! पाय सुटत नाहीयेत!” पुन्हा वळसा! बाप्तिस्म्याचे लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं कार्यक्रम आहे! तिसऱ्या वेळेला मौरिट्सने एका बाजूने मला बखोटीला धरलं, दातवाल्याने दुसऱ्या, आणि उपसला मला वर, दात उपटतात तसा! बूट राहिले पेडलात, मी आलो बाहेर. फरशीवर उभा, मोज्यांवर. बऱ्या मोज्यांवर. अंगठा बाहेर.

मौरिट्सने आधी काय केलं? त्याने सायकल भिंतीला टेकवली, खाली वाकला, त्या गुडघ्याने, आणि नळीन् नळी बघितली. बोट फिरवलं. ओरखडा नाही. एक नाही! मी म्हटलं, “मौरिट्स, ऐका तरी...” त्याने हात वर केला. गप्प. मग हर्मिनाबाईंनाच विचारलं, “हा पुढे होता?”

“पहिल्यांदा दडला,” बाई म्हणाल्या. “मग पांढऱ्या फार्मपासून इथपर्यंत एकटा.”

“या वाऱ्यात?”

“या वाऱ्यात.”

मौरिट्स बराच वेळ सायकलीकडे बघत राहिला. त्याचे डोळे असे झाले होते... आणि मला वाटलं, मिळाली! ओमेर, मिळाली तुला! मी दातवाल्याकडे बघून हसलोसुद्धा, जरा तुच्छतेने. आणि मौरिट्सने काय करावं? खाली बसला. आपल्या सपाता काढल्या. पेडलातले बूट, त्याचेच बूट, माझ्या घामाने ओले, एका झटक्यात खटाखट सोडवले, पायात घातले, पट्टे आवळले. दातवाला म्हणतो, “अहो, गुडघा!” मौरिट्सने ऐकलं नाही. टांग टाकली. खट. खट. आणि गेला. डावीकडून.

सगळं गाव उभं.  बाळसुद्धा रडायचं थांबलं. एवढंसं ते चर्च, त्याला वळसा घालायला किती वेळ लागतो? पण येईना हो! आम्ही सगळे उजव्या कोपऱ्याकडे बघतोय. मौरिट्सची बायको हात पुसत बाहेर आली, तीही बघतेय. आणि मला कळलं, तुम्हाला सांगतो, अगदी आत कळलं, त्या खुर्चीवर बसून त्याने सकाळी काय भोगलं असेल. मला भीती वाटायला लागली. पडला का? गुडघा गेला का? मी मोज्यांवरच धावत सुटणार, तेवढ्यात आला. उजवीकडून. हँडलच्या खालच्या वाकावर हात, पाठ सपाट, पांढरे केस उडतायत, आणि चेहरा... जत्रेत डुक्कर जिंकलेल्या पोराचा चेहरा! त्या दिवशी मला पटलं, डुकराची गोष्ट खरी आहे.

थांबला. खट, खट. पाय टेकले. धापा टाकत म्हणाला, “विकायची नाही.”

मी म्हटलं, “काय?”

“विकायची नाही. मला वाटलं होतं, मेली ती. मी मेलो, ती मेली, झालं. पण तू तिला वाऱ्यातून आणताना बघितलं ना खाटका... वाऱ्यात अशी सायकल येते आणि मी खुर्चीत बसतो? मी?” आणि मला मिठी मारली! सगळ्यांदेखत! “ओमेर, तुझे उपकार आहेत माझ्यावर!”

दातवाला म्हणाला, “मग माझं काय?”

“तू? तू जा आणि दात काढ!”

आणि सगळं गाव हसलं, आणि मी पण हसलो, काय करणार? डोळ्यांत पाणी आलं होतं, लोकांना वाटलं वाऱ्याचं आहे. म्हणजे बघा हं, दडून बसलो असतो तर वेळेत आलो असतो, सायकल माझी होती. वारा खाल्ला, चांगला खाल्ला, म्हणून गेली! एवढी चांगली चालवून दाखवली की मालकाचाच जीव जडला! त्याच्या बायकोचा फ्रीजर आता आमच्या गॅरेजमध्ये आहे, कारण ती म्हणाली हे सगळं तुमच्यामुळे झालं. गोडेलीव्ह म्हणाली, “बरं झालं, त्याची मुलगी नाही मागितलीस; नुसती सायकल मागितलीस, तीही नाही दिली.”

आणि संपलं नाही! हर्मिनाबाईंनी मला आणि मौरिट्सला दोघांनाही टोळीत घेतलंय. दर रविवारी. मी माझ्या जुन्या खटाऱ्यावर. आणि मौरिट्सला डॉक्टरांनी परवानगी दिलीय, पण एका अटीवर, वारा खायचा नाही, कुणाच्या तरी आडोशाने चालवायची. मग आडोसा कोण? गावात माझ्याएवढं रुंद आहे कोण? त्यामुळे मी पुढे, आणि मौरिट्स माझ्या चाकाला, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घेऊन, आणि मागून ओरडतो, “ओमेर, जरा डावीकडे सरक, खांद्याला वारा लागतोय!” त्याला चिकट्या म्हणायची सोय नाही, औषध आहे ते त्याचं!

...हं, ताई, किती म्हणालात खिमा? अर्धा किलो? घ्या... काय विचारलंत? सायकल? आहे की, झकास आहे. पूर्वी दोन वर्षं खिडकीत तरी दिसायची हो मला. आता सगळा रविवार तिच्यासोबत जातो, आणि एकदा म्हणून दिसत नाही... कायम माझ्या मागे असते!